आबांची साक्ष आणि आईचा हात

आबा, म्हणजे माझे वडील, दर रविवारी सकाळी शाहूपुरीत टायरच्या दुकानावरच्या एका हॉलमध्ये माइक हातात घेऊन उभे राहायचे आणि आपण किती वाईट माणूस होतो हे शंभरेक लोकांना सांगायचे. तिथे त्याला साक्ष देणं म्हणत. दहावीपासून बी.ए. होईपर्यंत मी ती साक्ष इतक्या वेळा ऐकली, की पुढचं वाक्य मला आधीच ऐकू यायचं. ‘माझ्याएवढा पापी माणूस या कोल्हापुरात शोधून सापडला नसता’ अशी सुरुवात. मग दारू. मग शिव्या. मग आईला कसं मारायचो ते. तिथे त्यांचा आवाज फुटायचा, आणि पास्टर पुढे होऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचे. पास्टर म्हणजे तो प्रार्थनागट चालवणारे गृहस्थ. उंच, पांढराशुभ्र शर्ट, मऊ आवाज. ते बायकांच्या बाजूला बघून म्हणायचे, ‘ताई, हात वर करा.’

आणि आई पहिल्या रांगेतून उजवा हात वर करायची.

मनगट आतल्या बाजूला वळलेलं, वर हाड उचलल्यासारखं, शेवटची दोन बोटं अर्धवट मिटलेली. तो हात बघून बायका पदर डोळ्यांना लावायच्या. मागून कुणीतरी ‘हालेलुया’ म्हणायचं. मग पास्टर विचारायचे, ‘पाप्याला देवाकडे काय आणतं?’ आणि त्याचं उत्तर ते स्वतःच द्यायचे. एका रविवारी उत्तर असायचं भीती. दुसऱ्या रविवारी देवाचा धीर. कधी अश्रू, कधी अपमान, कधी आजार. उत्तर बदलायचं, पण उदाहरण तेच. आबा आणि आईचा हात. मी आईच्या शेजारी बसलेली असायचे आणि मला त्या माइकची वायर भिंतीतून उपटून काढावीशी वाटायची.

हात मोडला तेव्हा मी नववीत होते. आबा शिरोलीकडच्या एका फाउंड्रीत मोल्डर होते. काळ्या वाळूत साचे करायचे आणि त्यात वितळलेल्या लोखंडाचा रस ओतायचा, हे त्यांचं काम. कामात हुशार होते असं सगळे सांगत. त्या दिवशी ते दुपारी चारलाच घरी आले, पिऊन. नंतर कळलं की सुपरवायझरनं सगळ्यांसमोर बोलून परत पाठवलं होतं. आई नुकतीच मसाला कांडपाच्या गिरणीतून आली होती, तिच्या अंगाला मिरचीचा वास होता; आल्या आल्या तिनं तव्यावर भाकरी टाकली होती. तिनं एवढंच विचारलं, ‘आज लवकर सुटलासा?’

आबांनी तिचा हात धरला आणि दाराच्या चौकटीवर पिरगाळला. तो आवाज मी ऐकला. वाळकं लाकूड मोडावं तसा अजिबात नव्हता. बारीक, ओला आवाज होता. आई ओरडली नाही. खाली बसली आणि मला म्हणाली, ‘भाकरीचा तवा उतर, करपंल.’

सहा आठवड्यांचं प्लास्टर होतं. चौथ्या आठवड्यात तिनं ते बादलीत भिजवून स्वतःच कापून काढलं, कारण एका हातानं कांडपावरचं काम होईना आणि घरातलंही होईना. हाड वाकडं बसलं. भाकरी थापायचं तेव्हापासून बंद झालं. आमच्या घरात चपात्या आल्या, त्याही डाव्या हातानं लाटलेल्या. आबा त्या खायचे. हाताबद्दल एक शब्द बोलायचे नाहीत. आईनं ताट ठेवलं की ताटाकडे बघायचे, नाहीतर भिंतीकडे.

पुढच्या वर्षी आबांना रक्ताची उलटी झाली. दवाखान्यात बारा दिवस होते. आमचे पेठ वडगावचे चुलते एकदा येऊन गेले, बाकी कुणी फिरकलं नाही. रोज यायचे ते फाउंड्रीतल्या भट्टीवरचे एक काका. ते त्या प्रार्थनागटात जायचे. डब्यातून पेज आणायचे, आबांचे पाय दाबायचे, आईला म्हणायचे, ‘वहिनी, तुमी घरी जाऊन या, मी बसतो.’ त्या माणसाबद्दल माझ्या मनात आजही वाईट काही नाही. पाचव्या दिवशी त्यांनी पास्टरना आणलं.

मी पलंगाशेजारच्या स्टुलावर भूगोलाचं पुस्तक घेऊन बसले होते. पास्टरनी खुर्ची ओढली, आबांचा हात हातात घेतला आणि अगदी प्रेमानं विचारलं, ‘तुम्ही लोखंड ओतता ना?’

‘व्हय,’ आबा म्हणाले.

‘ते पायावर सांडलेला माणूस बघितलाय कधी?’

आबांनी बघितला होता. त्यांच्याच लायनीतल्या एका पोरसवदा कामगाराच्या बुटात रस गेला होता. आबांनीच त्याला उचललं होतं. नंतर बरेच दिवस ते झोपेत पाय झटकायचे.

‘तो किती वेळ ओरडला?’

आबांनी पाय पांघरुणात ओढून घेतले.

‘त्याचं ओरडणं थांबलं,’ पास्टर म्हणाले. ‘तिथलं थांबत नाही. आज तुम्ही गेलात तर कुठे जाल, माहीत आहे तुम्हाला?’

आबांच्या सलाईनची नळी हलायला लागली. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी पास्टरांचा हात दोन्ही हातांनी घट्ट पकडला. भट्टीवाले काका मान खाली घालून पुटपुटत होते. मी सगळं बघत होते. मला कळलं ते एवढंच, की एका आजारी माणसाला घाबरवलंय, आणि घाबरवणाऱ्यानं त्याला नेमकं कशानं घाबरवायचं याची आधी चौकशी करून ठेवलीय.

आबांची दारू सुटली, हे खरं. परत कधी घेतली नाही. गल्लीत लोक म्हणाले, पैसे घेऊन गेला तिकडं. ते साफ खोटं होतं. कुणी आम्हाला एक रुपया दिला नाही. असं बोलणारे हेच लोक, आईचा हात मोडला त्या दुपारी आपापली दारं लावून आत बसले होते. मला त्यांचाही राग होता. पण हॉलमधल्या लोकांचा जास्त होता, कारण गल्लीतले लोक निदान आईला उभी करून टाळ्या वाजवत नव्हते.

आबांची साक्ष वर्षागणिक वाढत गेली. पहिल्या वर्षी ती साधी होती. प्यायचो, मारायचो, आजारी पडलो, प्रार्थना झाली, बरा झालो. दुसऱ्या वर्षी त्यात पंचगंगेचा पूल आला. आबा जीव द्यायला पुलावर गेले होते आणि कठड्यावर पाय टाकताना मागून कुणीतरी त्यांना नावानं हाक मारली. वळून बघतात तर कुणीच नाही. तिसऱ्या वर्षी पाण्यावर उजेडही दिसायला लागला.

एकदा घरी ते आंघोळ करून केस पुसत होते तेव्हा मी विचारलं, ‘आबा, तुम्ही पुलावर कधी गेलता?’

‘गेलतो की.’

‘कधी? उलटी झाली त्या दिवशी तुम्ही घरात होता. आदल्या दिवशी कामावर होता.’

त्यांनी टॉवेल खुंटीला अडकवला. मग म्हणाले, ‘गेलो असंन. मला आठवतंय की.’

ते खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. त्यांना ते खरंच आठवत होतं, आणि तेच जास्त भयंकर होतं. चौकटीवर पिरगाळलेला हात त्यांच्या साक्षीत ‘मी हिचा हात मोडला’ एवढ्या तीन-चार शब्दांत उरकायचा. पुलावर मात्र ते पाच मिनिटं उभे असायचे.

आईनं बाप्तिस्मा घेतला नव्हता. ती आबांसोबत हॉलमध्ये जायची, पण कुंकू लावून. चैत्रात ज्योतिबाला नारळ पाठवायची. पास्टरना ते खुपायचं. एका गुरुवारी ते घरी आले, सोबत भट्टीवाले काका आणि तीन-चार माणसं. प्रार्थना झाली, चहा झाला. मग पास्टर आईला म्हणाले, ‘ताई, तुम्ही कधी येणार प्रभूकडे?’

‘मी येतो की दर रविवारी.’ आमच्याकडच्या बायका असंच बोलतात, येतो, जातो.

‘तसं नाही. पश्चात्ताप करून.’

आईला खरंच समजलं नाही. तिनं विचारलं, ‘मी काय केलंय?’

पास्टर हसले. ‘सगळेच पापी आहेत, ताई. तुम्ही, मी, सगळे.’

‘असतील. पर मी काय केलंय, ते सांगा की.’

ती भांडत नव्हती. दुकानात पिशवीत काय कमी आलं ते विचारावं तसं विचारत होती. पास्टरनी आवाज आणखी मऊ केला. ‘तुमच्या मनात कठीणपणा आहे. तुम्ही यांना मनापासून क्षमा केलेली नाही. तेसुद्धा पापच. आणि बघा, तुमच्या या हातामुळेच तर ते प्रभूकडे आले. देवानं तुमच्या हाताचा वापर केला. किती मोठा आशीर्वाद आहे हा!’

मी दारात उभी होते. माझ्या हातात रिकाम्या कपांचा ट्रे होता. मी म्हणाले, ‘मग तुमच्या देवाला सांगा, पुढच्या वेळी स्वतःचा हात वापर. नाहीतर तुमचा.’

आबा उठले आणि त्यांनी माझ्यावर हात उगारला. तोच हात, तसाच वर. तो माझ्या कानापर्यंत आला आणि थांबला. आबांनी तो आपल्याच डोळ्यांनी बघितला आणि हळूच खाली घेतला. पास्टरनी घड्याळ बघितलं, एक छोटी प्रार्थना केली आणि सगळे निघाले. त्या गुरुवारचा उगारलेला हात कुठल्याच रविवारच्या साक्षीत आला नाही. मी वाट बघितली होती.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी त्या गटानं एका मंगल कार्यालयात मोठी सभा घेतली. शिरोळकडून, सांगलीकडून ट्रॅक्स गाड्या भरून लोक आले होते. पास्टर माझ्याकडे आले. म्हणाले, ‘तू शिकलेली आहेस, चांगलं बोलतेस. वडिलांमध्ये काय बदल झाला, ते लेकीच्या तोंडून ऐकलं तर लोकांवर परिणाम होतो.’ मी हो म्हणाले. आबांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मी कधी बघितला नव्हता.

स्टेजवर गेले. समोर चार-पाचशे माणसं. मी म्हणाले, ‘माझे वडील पंचगंगेच्या पुलावर कधी गेले नव्हते. त्यांना कुणी हाक मारली नाही. त्यांना रक्ताची उलटी झाली आणि ते मरायला भ्याले. म्हणून ते बदलले. दारू सोडली ते बरंच झालं. पण त्यांनी देवाची माफी मागितली, दर रविवारी तुमची मागतात, माझ्या आईची आजपर्यंत एकदाही मागितलेली नाही. ती रोज त्यांच्यासमोर जेवायला वाढते. माफी मागायला तिथून हॉलपर्यंत जायची गरजच नव्हती.’

मला वाटलं होतं, गोंधळ होईल. कुणी खाली ओढेल. झालं ते वेगळंच. पास्टरनी अलगद माइक माझ्या हातातून घेतला आणि भरल्या गळ्यानं म्हणाले, ‘किती वेदना आहेत या लेकीच्या मनात! बंधू-भगिनींनो, प्रभू आज हिच्या हृदयाचं दार ठोठावतोय. हा राग नाही, ही हाक आहे.’ कीबोर्डवाल्यानं सूर धरला. लोक गायला लागले. एका जाड्या बाईनं मला छातीशी घट्ट धरलं. मला तिला ढकलून द्यायचं होतं, पण ती बरी बाई होती. आबा दवाखान्यात असताना तिनं आमच्याकडे दोनदा भाजी पाठवली होती. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून तशीच उभी राहिले, आणि सगळ्यांना वाटलं की मी रडतेय. मी काहीही बोलले असते तरी त्यांनी त्याचं गाणंच केलं असतं.

घरी आल्यावर आई माझ्याशी बोलेना. आबा बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले, तेव्हा तिनं तोंड उघडलं.

‘तुला कोण इचारलंतं?’

‘खरं तेच बोलले.’

‘हात माझा हाय. त्येचं काय करायचं ते मी बघतो. तू कोण चारशे माणसांत त्येची पंचायत करणारी?’

‘तूच वर करतेस की दर रविवारी! त्यांनी म्हटलं की लगेच. मला लाज वाटते.’

आईनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी मागे सरले. ‘तुला वाटतंय, मी त्या पास्टरासाठी वर करतो? का देवासाठी? घरात तुजा बाप ह्या हाताकडं बघत न्हाय. एवढ्या वर्षांत एकदाबी बघितला न्हाय. तिथं त्येला बघायला लागतंय. सगळी बघत्यात, मग त्येलाबी मान वळवायला लागती. त्येनं बघावा म्हणून वर करतो मी.’

मी इतकी वर्षं तिच्या शेजारी बसत होते. मला हे सुचलं नव्हतं. मला ती बिचारी वाटत होती.

त्यानंतर मी हॉलमध्ये जाणं सोडलं, पण दोन-तीन महिन्यांनी एका रविवारी आईला ताप होता म्हणून सोबत गेले. आबांची साक्ष झाली. आवाज फुटला. पास्टर म्हणाले, ‘ताई, हात वर करा.’

आई पदराखाली हात घेऊन बसली होती. ती म्हणाली, ‘आज न्हाय.’

पास्टरना वाटलं तिनं ऐकलं नाही. ते परत म्हणाले. तीही परत म्हणाली, जरा मोठ्यानं, ‘आज न्हाय म्हटलं की.’

आबांना पुढचं काही सुचेना. इतकी वर्षं तिथे हात वर जायचा, लोक रडायचे आणि मग पुलाचं सुरू व्हायचं. ते माइक धरून नुसते उभे राहिले. शेवटी पास्टरनीच आमेन म्हणून त्यांना खाली बसवलं.

घरी आबांनी आईला विचारलं, ‘हात का वर केला न्हाईस?’ मी आतल्या खोलीत होते, पण दार उघडं होतं.

‘तुमी बघत नव्हता,’ आई म्हणाली. ‘आताशा डोळं झाकून बोलतासा.’

आईनं पदरातून हात काढला आणि परातीशेजारी ओट्यावर ठेवला. ‘बघायचा असंल तर हितं बघा. हितं कोण गात न्हाय.’

आबा पुढे झाले. बराच वेळ बघत राहिले. मग एका बोटानं त्यांनी ते उचललेलं हाड दाबलं, साचा नीट बसलाय का हे बघताना दाबत असतील तसं, आणि म्हणाले, ‘लई वाकडा बसलाय.’

‘व्हय,’ आई म्हणाली.

एवढंच. ते माफ कर म्हणाले नाहीत. केलं असं तीही म्हणाली नाही. तिनं परात ओढली आणि पीठ मळायला घेतलं.

त्यानंतर आबांच्या साक्षीतून पूल गेला. उजेडही गेला. तोवर आईचं जाणं थांबलं होतं, तिला ते भट्टीवाल्या काकांकडून कळलं. आता ते एवढंच सांगत की मी बायकोचा हात मोडला, दारात, दुपारी चार वाजता, तिनं काही केलं नसताना. आणि मग भ्यालो. लोकांना ते आवडेना. रडायला जागाच नव्हती त्यात. पास्टरनी हळूहळू दुसऱ्यांना बोलवायला सुरुवात केली. चिटफंडात लोकांना बुडवलेला एक माणूस मिळाला होता, तो फार छान रडायचा. पुढे पास्टर दुसऱ्या गावी गेले. आबा अजूनही रविवारी जातात, मागच्या रांगेत बसतात. आई आता जात नाही. रविवारी सकाळी घरात शांत असतं, बरं वाटतं, म्हणते.

आईला ओट्यावरचं ते बघणं पुरलं. एकदा मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, ‘मला पायजे हुतं ते झालं.’ मला नाही पुरलं. लोक मला सांगतात, बघ, माणूस सुधारला, शेवट गोड झाला, तू का अजून धरून बसलीस? हॉलमधले म्हणतात देवाची करणी, नातेवाईक म्हणतात वय झालं, डॉक्टर म्हणतात लिव्हरनं वाचवलं. आबांना कशानं वळवलं याच्यावर सगळ्यांचं काही ना काही म्हणणं आहे. मला त्यात रस उरलेला नाही. जिचा हात मोडला ती सोडून बाकी सगळ्यांनी त्या बदलाचं श्रेय घेतलं, एवढं मला दिसतं.

मी आता पेठ वडगावला शाळेत शिकवते. तिथेच संसार आहे. गेल्या डिसेंबरात आबा एकटेच एस.टी.नं आले, केकचा डबा घेऊन. माझी मुलगी चार वर्षांची आहे. ती धावत जाऊन त्यांच्या मांडीवर चढली, त्यांची टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर घातली, त्यांचे भाजल्याच्या डागांचे हात उलटेपालटे करून बघायला लागली. आबा तिला प्रत्येक डागाची गोष्ट सांगत होते. ती हसत होती. नवरा म्हणाला, ‘चहा टाक ना.’ मी त्या हातांवरची नजर न काढता म्हणाले, ‘तुम्हीच टाका.’

आबा परत निघेपर्यंत मी त्या खोलीतून हलले नाही.